वैद्यकीय संशोधनात सहभागी होताय? सही करण्याआधी हे विचारा

विंझरसारख्या गावातून तुम्ही पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात गेलात आणि एक संमतीपत्र पुढे आले, तर ‘डॉक्टर सांगतात म्हणजे सही करायची’ असे वाटणे साहजिक आहे. पण ते पत्र उपचाराचे आहे की संशोधनाचे, हे आधी विचारा. उपचार तुम्हाला बरे करण्यासाठी असतात. संशोधन नवी माहिती मिळवण्यासाठी असते. त्याचा फायदा तुम्हाला होईलच असे नाही.

उस्मानाबादमध्ये काय घडले?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची कोणती तपासणी जीव वाचवते, हे पाहण्यासाठी १९९९ मध्ये उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. गावांचे चार गट पाडले गेले. तीन गटांना वेगवेगळ्या तपासण्या मिळाल्या. चौथ्या, म्हणजे तुलना गटाला, नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली. तिच्यात नियमित तपासणी नव्हती.

निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४, तर जवळपास तेवढ्याच मोठ्या तुलना गटात ६४ स्त्रियांचा मृत्यू झाला होता.

या अभ्यासाने जगाला मोलाचा पुरावा दिला. मात्र पॅप तपासणीचा उपयोग पूर्वीच माहीत असताना एका गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे वाद झाला. संशोधकांच्या बाजूने सांगितले गेले की, भारतात तेव्हा अशी तपासणी सर्रास होतच नव्हती. माझ्या मते, सोय नसणे ही गरिबीची खूण आहे. तिला उपचाराचा मापदंड मानू नये.

तुमचे हक्क

- माहिती तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजे. वाचता येत नसेल, तर तटस्थ साक्षीदारासमोर समजावून सांगितली पाहिजे.
- नकार देता येतो, मध्येच बाहेरही पडता येते. त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.
- नव्या औषधाच्या चाचणीत इजा झाल्यास मोफत उपचार आणि ती चाचणीमुळे झाली असल्यास भरपाई, अशी तरतूद २०१९ च्या नियमांत आहे.

हे प्रश्न जरूर विचारा

१. मी कोणत्या गटात असेन, हे कसे ठरणार?
२. नवा उपचार न मिळणाऱ्या गटाला काय मिळेल?
३. अभ्यास संपल्यावर हा उपचार मला आणि माझ्या गावाला मिळेल का?
४. त्रास झाला तर फोन कोणाला करायचा? नीतिमत्ता समितीचा क्रमांक कोणता?

संमतीपत्राची प्रत मागून घ्या. घाई करू नका. घरी नेऊन वाचा, आपल्या आशाताईंशी किंवा नेहमीच्या डॉक्टरांशी बोला. नंतरच ठरवा.

आणि एक : तुमच्या घरातील स्त्रीचे वय ३० च्या पुढे असेल, तर गर्भाशयमुखाच्या तपासणीबद्दल जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. ज्या ज्ञानासाठी गावोगावच्या स्त्रियांनी इतके दिले, त्याचा लाभ आपल्या घरापर्यंत पोहोचलाच पाहिजे.