मोती महाग होते, मग पाणबुडे गरीब का राहिले?

दुबईत किंवा अबू धाबीत मुलांना घेऊन संग्रहालयात गेलात, तर मोती काढणाऱ्या पाणबुड्याचा पुतळा तुम्ही पाहिला असेल. नाकाला चिमटा, गळ्यात जाळीची टोपली, पायाला दगड बांधलेला दोर. शेजारी काचेखाली मोती मांडलेले असतात. आज आपण त्या मोत्यांबद्दल नाही, तर त्या माणसाच्या हिशेबाबद्दल बोलणार आहोत. कारण गरिबी कशी तयार होते आणि कशाने हटते, हे त्या हिशेबात स्वच्छ दिसतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉरिमर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने आखातातल्या मोती व्यवसायाची बारकाईने नोंद केली. आजच्या अमिरातींच्या किनाऱ्यावरून तेव्हा सुमारे 1,200 बोटी मोत्यांसाठी निघत आणि त्यांवर सुमारे 22,000 माणसं असत. उन्हाळ्याचे चार महिने ही माणसं समुद्रातच राहत. निघालेल्या मोत्यांची मुख्य बाजारपेठ होती आपली मुंबई. तिथून माल पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कला जाई. 1917 मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरचा एक वाडा कार्टियर या जवाहिऱ्यांनी घेतला, तो मोत्यांचा दोनपदरी हार आणि वर 100 डॉलर देऊन. मोत्याला तेव्हा असा भाव होता.

म्हणजे व्यवसायात पैसा होता, कामाला माणूस लागत होता आणि तो माणूस जिवावर उदार होऊन कष्ट करत होता. तरीही तो गरीबच राहिला. कारण त्याची कमाई हातात येण्याआधीच खर्ची पडलेली असे.

बोटीच्या प्रमुखाला तिथे नाखुदा म्हणतात. आपल्या कोळीवाड्यातला नाखवा हा त्याच शब्दाचा भाऊबंद. हंगाम सुरू होताना नाखुदा पाणबुड्याला उचल देई, घरच्यांनी चार महिने खायचं म्हणून. हंगाम संपला की हिवाळ्यासाठी पुन्हा उचल. मोती विकले की आधी बोटीचा आणि खाण्यापिण्याचा खर्च वजा व्हायचा, मग वाटे पडायचे आणि त्या वाट्यातून मागची बाकी कापली जायची. तांदूळ आणि खजूर उधारीवर घेतलेला, त्यामुळे भाव देणारा सांगेल तो. वही नाखुदाकडे आणि बहुतेक पाणबुड्यांना लिहिता-वाचता येत नसे. बाकी फिटल्याशिवाय दुसऱ्या बोटीवर जाता येत नव्हतं. बाप मेला तर देणं मुलाच्या किंवा भावाच्या अंगावर येई. शिवाय पूर्व आफ्रिका आणि बलुचिस्तानातून आणलेले गुलामही या बोटींवर होते. त्यांचा वाटा त्यांचा मालकच घेई.

नाखुदाला खलनायक ठरवून हा प्रश्न सुटत नाही. तो स्वतः व्यापाऱ्याचा देणेकरी असायचा आणि व्यापाऱ्याचे हात अनेकदा मुंबईच्या पेढ्यांत अडकलेले असायचे. भाव चढला की नफा साखळीत वरपर्यंत जाई आणि भाव पडला की तोटा खाली, पाणबुड्याच्या वहीत येऊन साठे.

मग भाव खरोखरच कोसळला. जपानमध्ये मिकिमोटोने शिंपल्यात मोती वाढवायचं तंत्र रुजवलं होतं आणि 1920 च्या दशकात त्याचे गोल मोती युरोपच्या बाजारात आले. पाठोपाठ 1929 ची जागतिक मंदी आली. मोती घेणारे श्रीमंतच गडबडले. या किनाऱ्यावर बोटी ओढून ठेवलेल्या राहिल्या आणि व्यापारी बुडाले. देऱ्यातली अल अहमदिया शाळा एका मोती व्यापाऱ्याने 1912 च्या सुमारास उभी केली होती. मंदीत तीही काही वर्षं बंद पडली. दुसऱ्या महायुद्धात धान्य मिळेनासं झालं आणि तांदूळ, साखर, चहा रेशनवर आले. पुढे इथले कितीतरी पुरुष कुवेत, कतार, बहरीन, सौदी अरेबियाच्या तेलक्षेत्रांत मजुरीला गेले. घर सोडून परमुलखात राबायचं आणि पैसे घरी पाठवायचे, हे या देशाच्या आजोबा पिढीनेही केलेलं आहे.

तुमच्यापैकी पुणे किंवा नगर जिल्ह्यातल्या मंडळींना ही गोष्ट ओळखीची वाटेल. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिलं. युद्ध संपलं, भाव पडले, सारा मात्र वाढला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. दंगल पसरली. सरकारने आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. न्यायालयाने नुसता कागद न पाहता कर्जाचा मागचा इतिहास तपासावा, फेड हप्त्याने व्हावी, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, अशा त्याच्या तरतुदी होत्या. कायद्याने आधार दिला, पण सावकारांनी हात आखडता घेतला. कर्जरोख्याऐवजी जमिनीचं सरळ खरेदीखतच लिहून घ्यायची पद्धतही वाढली.

बहरीनमध्येही जवळजवळ हेच घडलं. 1920 च्या दशकात तिथे पाणबुड्यांसाठी सुधारणा झाल्या: प्रत्येकाला स्वतःची हिशेबाची वही आणि उचलीवर मर्यादा. उद्देश चांगला होता. पण 1932 मध्ये मंदी ऐन भरात असताना उचल फारच कमी मिळाली, तेव्हा पाणबुडेच दंगलीला उतरले. ज्या उचलीने त्यांना बांधून ठेवलं होतं, तिच्यावरच घरची चूल पेटत होती. कर्जाला लगाम घालायचा तर दुसरी मिळकत आधी उभी करावी लागते, हा धडा सुप्यानेही दिला आणि बहरीननेही.

या किनाऱ्यावर ती दुसरी मिळकत हळूहळू उभी राहिली. 1950 च्या दशकात दुबईत मक्तूम रुग्णालय सुरू झालं. कुवेतने शाळांना पैसा आणि शिक्षक पुरवले. दुबईची खाडी गाळाने भरत चालली होती, ती कर्ज काढून खोल केली गेली आणि बंदराचा व्यापार वाढला. हे सगळं दुबईत तेल सापडण्याआधीचं, कारण तिथे तेल मिळालं 1966 मध्ये. अबू धाबीतून तेलाची निर्यात 1962 मध्ये सुरू झाली, पण पैसा घरं, रस्ते, पाणी आणि दवाखान्यांच्या रूपाने झपाट्याने लोकांपर्यंत पोचू लागला तो 1966 मध्ये शेख झायेद सत्तेवर आल्यानंतर. 1971 च्या राज्यघटनेने शिक्षण मोफत आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. तेल नसतं तर हे इतक्या वेगाने झालं नसतं, हे खरंच. पण मोत्यांचाही पैसा होताच की. फरक पडला तो पैसा कुठे मुरवला यामुळे.

ही व्यवस्था मुख्यतः इथल्या नागरिकांसाठी आहे. आपल्या गावाकडून येणाऱ्या कामगारासाठी उचलीची जुनी वही नव्या रूपात जिवंत आहे. एजंटला द्यायला तो जमीन किंवा बायकोचे दागिने गहाण टाकतो आणि पहिली कित्येक महिन्यांची कमाई व्याजात घालवतो. कर्ज डोक्यावर असल्याने वाईट नोकरी सोडायचं धाडसही होत नाही. पाणबुड्याला तरी वेगळं काय जखडून ठेवत होतं?

आजच्या कामगाराच्या बाजूने कायदा बराच आहे. भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला इथल्या 2021 च्या कामगार कायद्यात मनाई आहे. पगार बँकेमार्फत देऊन त्याची नोंद ठेवणारी व्यवस्था 2009 पासून आहे. पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवायचा नसतो. भारतात 1983 चा उत्प्रवास कायदा आहे आणि नोंदणी झालेल्या एजंटांची यादी ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येते. पण हे नियम गावात, दागिने सोनाराकडे जाण्याआधी, कोणी सांगत नाही.

तिथे तुमचा उपयोग आहे. "दादा, दुबईला एक व्हिसा आहे, एजंट अमुक पैसे मागतोय," असा फोन तुमच्याकडे केव्हा ना केव्हा येतोच. तेव्हा फक्त "ये, बघू" म्हणू नका. एजंटचा नोंदणी क्रमांक विचारा. नोकरीच्या देकारपत्रावर मूळ पगार किती लिहिलाय, ते फोटो मागवून वाचा. पैसे कशाचे आणि पावती मिळणार का, हे त्यालाच एजंटला विचारायला लावा. पावती नाही म्हणाला, तर दागिने घरातच राहू द्या म्हणावं.