परतीच्या अटीची कुळकथा

नांदेडहून लातूरला जाताना वाटेत अहमदपूर लागतं. या भागातला आयटीआय झालेला फिटर किंवा इलेक्ट्रिशियन पोरगा परदेशातल्या एखाद्या कोर्सचे कागद जमवायला लागला की अख्खं घर कामाला लागतं. दहावीची सनद, बँकेचं पासबुक, बापाच्या उत्पन्नाचा दाखला, आणि एजंट हमखास सांगतो तो सातबारा. शिकायला जाणाऱ्या पोराच्या फाइलीत बापाच्या शेताचा उतारा कशाला, असं विचारलं की उत्तर तयार असतं: ‘साहेबाला वाटलं पाहिजे, पोरगा परत येणार म्हणून.’ म्हणजे जमीन दाखवायची ती पोराची ओढ दाखवायला.

शिकायला येणाऱ्याकडून परत जाण्याची हमी मागायची, ही गोष्ट कुणी सुरू केली? पुस्तकी उत्तर सोपं आहे. अमेरिकेचा 1924 चा इमिग्रेशन कायदा, त्यात विद्यार्थ्यांचं स्वतंत्र कलम, तिथून विद्यार्थी-व्हिसा जन्मला. मला हे उत्तर पटत नाही. माझ्या मते या व्हिसाचं मूळ त्याच्या चाळीस वर्षं आधीचं आहे, आणि ते शिक्षण खात्यात नाही, जकात खात्यात सापडतं.

1882 मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा केला. मजूर म्हणजे कोण, तेही कायद्यातच लिहिलं होतं: कुशल आणि अकुशल, दोन्ही. सुतार, लोहार, परीट, खाणीत उतरणारा, सगळे त्यात आले. पण दोनच वर्षांपूर्वी, 1880 मध्ये, चीनशी झालेल्या तहात अमेरिकेने शब्द दिला होता की शिक्षक, विद्यार्थी, व्यापारी आणि हौसेने येणारे प्रवासी यांना अडवणार नाही. तेव्हा भिंत बांधली आणि भिंतीत एक दार ठेवावं लागलं. दारातून मजूर घुसू नये म्हणून 1884 च्या दुरुस्तीत सहाव्या कलमाचा दाखला आला. चिनी सरकारने दाखला द्यायचा: हा माणूस मजूर नाही, विद्यार्थी आहे. आणि जहाजावर चढण्याआधी अमेरिकेच्या वकिलातीने त्यावर व्हिसाचा शेरा मारायचा, तोही दाखल्यातला मजकूर खरा आहे की नाही याची चौकशी करून.

ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा खुर्चीतून उठलोच. 1884! मुंबईतला माणूस तेव्हा पासपोर्ट नावाच्या वस्तूशिवाय न्यूयॉर्कला उतरू शकत होता. आनंदीबाई जोशी आदल्याच वर्षी तशा फिलाडेल्फियाला वैद्यक शिकायला गेल्या होत्या. सगळं जग मोकळं असताना एका देशाच्या विद्यार्थ्यांना मात्र आज लागतो तसा व्हिसा लागत होता: परदेशातल्या वकिलातीत, निघण्याआधी, चौकशीनंतर.

हे दार सांभाळायचं काम होतं अर्थखात्याच्या जकात अधिकाऱ्यांकडे. सॅन फ्रान्सिस्को बंदरात चहाच्या पेट्या तपासणारं खातं विद्यार्थीही तपासू लागलं. आणि जकातवाल्याला प्रश्न पडला तो जकातवाल्याचाच: या मालाची व्याख्या काय? 1900 मध्ये अर्थखात्याच्या विधी अधिकाऱ्याने ती करून दिली. विद्यार्थी म्हणजे जो उच्च शाखांचा अभ्यास करणार आहे, किंवा ज्याच्या मायदेशात सोय नाही असा एखादा पेशा वा धंदा शिकणार आहे. ज्याच्या इथल्या खर्चाची तजवीज झालेली आहे. आणि जो शिक्षण संपल्यावर चीनला परत जाणार आहे.

अहमदपूरच्या पोराची फाइल या व्याख्येशेजारी ठेवून बघा. पहिली अट: हा कोर्स इथे का करता येत नाही ते सांग. आजच्या प्रयोजनपत्रात हाच परिच्छेद एजंट सर्वांत आधी लिहून घेतो. दुसरी अट: पासबुक. तिसरी अट: सातबारा. सव्वाशे वर्षांत कागद बदलले, रकाने तेच राहिले.

पण मला जास्त गुंतवतो तो पहिल्या अटीतला ‘धंदा’. कायदा म्हणतो कुशल मजुराला बंदी. व्याख्या म्हणते धंदा शिकायला येणाऱ्याला मुभा. मग लेथ चालवायला शिकणारा पोरगा कोण? शिकत असेपर्यंत विद्यार्थी, आणि शिकला की कुशल मजूर, म्हणजे ज्याच्यासाठी भिंत बांधली तोच. तत्त्वज्ञान शिकणाऱ्याची ही पंचाईत नव्हती. तो शिकूनही मजूर होण्याची भीती कुणाला नव्हती. हातांनी काम शिकणारा मात्र शिक्षण पूर्ण झाल्याच्या दिवशी भिंतीच्या आत सापडतो. माझं म्हणणं असं की परतीची अट मुळात याच माणसासाठी लागली आणि बाकीच्यांना ती नंतर चिकटली. व्यावसायिक शिक्षणाच्या व्हिसाचा सगळा जाच या एका अडचणीतून निघालेला आहे.

जाच नुसता कागदावर नव्हता. 1901 मध्ये ओबरलिन कॉलेजला निघालेला कुंग श्यांगशी आणि त्याचा एक मित्र सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. दाखल्यात त्रुटी निघाल्या आणि त्यांना अडकवून ठेवलं. ओबरलिनला पोचायला त्यांना वर्षाहून जास्त काळ लागला. हाच कुंग पुढे चीनचा अर्थमंत्री झाला. 1905 मध्ये चिनी शहरांतून अमेरिकी मालावर बहिष्कार पडला, त्यामागे बंदरातली ही वागणूक होती.

आता माझ्या सिद्धांताचे प्रतिस्पर्धी. एक घरचाच आहे आणि तगडा आहे. परत येण्याची हमी ही आपल्याच संस्थानांची रीत, असं म्हणणारे लोक बडोद्याकडे बोट दाखवतात. 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. आणि करारात अट, की परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. हीसुद्धा परतीचीच हमी. पण नीट पाहा, हमी मागतंय कोण? पाठवणारा. पैसा त्याचा, माणूस त्याला परत हवा. वकिलात मागते ती हमी घेणाऱ्याची आहे. तिला माणूस नको आहे. एकाला लोभ, दुसऱ्याला धास्ती. दोन्ही कागदांवर ‘परत येईन’ असंच लिहिलेलं असलं तरी ही दोन वेगळी घराणी आहेत, आणि बडोद्याच्या करारातून अमेरिकेचा कायदा निघाला असं म्हणायला काहीही आधार नाही. तारखाही उलट्या पडतात.

दुसरा प्रतिस्पर्धी तर थेट आमच्या अंगणातला. अहमदपूर 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात, म्हणजे पोलीस कारवाईपर्यंत निजामाच्या मुलखात. तिथे 1919 च्या फर्मानाने मुल्की नियम आले: सरकारी नोकरी फक्त मुल्क्यांना. बाहेरून आलेल्याला मुल्की व्हायचं तर पंधरा वर्षं वास्तव्य हवं, आणि शिवाय मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञापत्र हवं की आपल्या पूर्वीच्या ठिकाणी परत जाण्याचा विचार आपण सोडून दिला आहे. अमेरिकेच्या 1952 च्या कायद्यातली विद्यार्थ्याची अट याशेजारी ठेवली तर गंमत वाटते: परदेशात त्याचं घर असावं आणि ते सोडून देण्याचा त्याचा इरादा नसावा. निजाम म्हणतो, परत जाणार नाही असं लिहून दे. अमेरिका म्हणते, परत जाईन असं लिहून दे. आरशात पाहावं इतकं उलट. एका मित्राचा आग्रह आहे की दोन्हींचा बाप इंग्रजी कायद्यातला ‘डोमिसाइल’: माणसाचं कायमचं घर कुठलं, हे त्याच्या मनातल्या इराद्यावरून ठरवायचं. मला हे अर्धं मान्य आहे. शब्दरचना तिथून आली असेल. पण विद्यार्थ्याच्या इराद्यावर वकिलातीत खल करायची गरज डोमिसाइलमधून निघत नाही. ती मजूरबंदीतूनच निघते.

मग चिन्यांसाठी केलेला नियम हिंदी विद्यार्थ्यांच्या डोक्यावर आला कसा? 1917 च्या कायद्याने. या कायद्याने नकाशावर एक मोठा पट्टा आखून त्यातल्या लोकांना, हिंदुस्थानासकट, अमेरिकेत येण्यास बंदी केली, आणि सवलतीची यादी जोडली. त्या यादीत पुन्हा विद्यार्थी. भिंत रुंद केली आणि जुनं दार त्याच चौकटीसकट नव्या भिंतीत बसवलं.

1917 का, याविषयी माझा एक आवडता अंदाज आहे. त्याआधीच्या दहा वर्षांत प्रशांत किनाऱ्यावर विद्यार्थी आणि मजूर यांची सरमिसळ झालेली होती आणि त्यात मराठी माणसं ठळक होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे शेतकीशास्त्र शिकले ते ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या कॉलेजांत. त्याच भागातल्या लाकूड गिरण्यांतल्या पंजाबी कामगारांत त्यांची ऊठबस होती. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे सिअॅटलला इंजिनिअरिंग शिकायला गेले आणि गदर या क्रांतिकारी संघटनेत सामील झाले. नोव्हेंबर 1915 मध्ये लाहोरला फाशी गेले. विद्यार्थी आणि गिरणी-कामगार एकाच खोलीत बसून छापखाना चालवतात, हे दृश्य ब्रिटिश गुप्तहेर वॉशिंग्टनला रंगवून सांगत होते. एवढं असूनही यादीतून विद्यार्थी वगळले नाहीत, हे विशेष. मात्र 1924 मध्ये दाराला पहारेकरी बसला. विद्यार्थी किमान पंधरा वर्षांचा हवा, त्याने शाळेचं नाव आधीच सांगायचं, ती शाळा सरकारमान्य हवी, आणि पोरगा शाळा सोडून गेला की शाळेने कळवायचं. नाही कळवलं तर मान्यता रद्द. शाळेला मान्यता देणार कोण? शिक्षणाशी काही संबंध नसलेला मजूर खात्याचा मंत्री. माझ्या सिद्धांताला याहून सोयीची साक्ष मी स्वतः रचली असती तरी सुचली नसती.

पुढचं भराभर. 1943 मध्ये चिनी बंदी उठली, 1946 मध्ये हिंदी लोकांना वर्षाला शंभरांचा कोटा मिळाला, 1952 मध्ये विद्यार्थ्याला कायद्यात ‘एफ’ हे अक्षर मिळालं. कॉलेजवाले आणि कारागिरी शिकणारे अजून एकाच अक्षराखाली होते.

1981 च्या दुरुस्तीने ते वेगळे झाले. धंदेशिक्षण घेणाऱ्यांना ‘एम’ हे नवं अक्षर दिलं: वेल्डिंग, स्वयंपाक, केशकर्तन, विमान उडवणं. कारण म्हणून 1979 चं इराण प्रकरण सांगतात. तेहरानमध्ये ओलीस धरल्यावर अमेरिकेने इराणी विद्यार्थ्यांना हजेरी द्यायला लावली आणि आपल्याकडे धड नोंदीच नाहीत हे सरकारला कळलं. ते खरं, पण त्यातून सगळ्याच विद्यार्थ्यांवर पहारा यायला हवा होता. कारागिरांनाच वेगळं का काढलं? ‘एम’च्या अटी वाचल्या की उत्तर मिळतं. मुक्काम एका वेळी फार तर वर्षाचा. शिकताना नोकरी नाही. शिकून झाल्यावर सराव चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना, आणि सगळा मिळून सहा महिन्यांच्या वर नाही. ‘एम’वरून ‘एफ’वर उडी मारता येत नाही, फिटरला तिथल्या तिथे इंजिनिअर होण्याची वाट बंद. 1900 सालच्या त्या जकातवाल्याची अडचण 81 वर्षांनी अशी सुटली: हात शिकला की लगेच बोटीत बसवायचा.

हे अक्षर जगाला माहीत झालं ते मात्र भलत्याच कारणाने. 11 सप्टेंबरच्या हल्लेखोरांपैकी दोघांनी फ्लोरिडात विमान चालवायला शिकताना ‘एम’साठी अर्ज केला होता. तो मंजूर झाल्याचा कागद त्या शाळेत टपालाने पोचला मार्च 2002 मध्ये, हल्ल्यानंतर सहा महिन्यांनी. त्यानंतर 2003 पासून शाळांनी विद्यार्थ्यांची खबर संगणकावर कळवायची पद्धत सक्तीची झाली. लोकांनी तिला नवा जाच म्हटलं. 1924 चं कलम वाचलेल्याला ती जुनीच वही वाटेल.

एखादा सिद्धांत खरा असेल तर तो उलट बाजूनेही चालला पाहिजे. जिथे मजुराचीच गरज आहे तिथे परतीची अट विरघळायला हवी. ऑस्ट्रेलियाने 2011 मध्ये विद्यार्थ्याला ‘खराखुरा तात्पुरता’ असल्याचं पटवून द्यायला लावलं होतं. मार्च 2024 मध्ये ती कसोटी काढून ‘खराखुरा विद्यार्थी’ अशी ठेवली. अर्थात तिथे बाकीच्या अटी कडक होत गेल्या, तेव्हा या साक्षीवर मी फार भार टाकत नाही. जर्मनीची साक्ष पक्की आहे. तिथे 1 मार्च 2020 पासून कुशल कामगारांचा नवा कायदा लागू आहे आणि वास्तव्य कायद्याच्या 16अ कलमाखाली ‘आउसबिल्डुंग’साठी व्हिसा मिळतो. पोरगा आठवड्याचे एक-दोन दिवस शाळेत आणि बाकीचे कारखान्यात वा इस्पितळात. सहसा तीन-साडेतीन वर्षं, आणि महिन्याला विद्यावेतन. विद्यार्थी की मजूर हा प्रश्नच उरत नाही, कारण तो पहिल्या दिवसापासून दोन्ही असतो. शिकून झाल्यावर परत जायची अट नाही. उलट कुशल कामगार म्हणून राहायची वाट कायद्यातच ठेवलेली आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी करार केला तो तयार कुशल मनुष्यबळासाठी, सुरुवातीला दहा हजारांचा. तो शिकाऊंचा नाही, पण जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारी खर्चाने जर्मन भाषेचे वर्ग घेण्याचं त्या निमित्ताने ठरलं, आणि आउसबिल्डुंगला मुख्य अडसर असतो तो याच भाषेचा, साधारण बी-वन पातळीचा.

बडोद्याकडे बोट दाखवणारा यावर म्हणेल, मग तुझं जकात खातं इथे कुठे गेलं? गेलं नाही. या व्हिसाला जर्मनीत संमती लागते ती केंद्रीय रोजगार संस्थेची. 1924 मध्ये शाळा मान्य करणारं मजूर खातं होतं, 2020 मध्ये शिकाऊ पोराला संमती देणारंही मजुरांचाच हिशेब ठेवणारं खातं आहे. शिक्षण खात्याकडे ही फाइल या दोन्ही ठिकाणी पहिल्यांदा गेली नाही.