बॉम्बच्या धातूसाठी खोदलेली वाट : व्हाइट रिम रस्त्याचा इतिहास

१/ अमेरिकेच्या युटा राज्यातील कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानात सुमारे १६० किलोमीटरचा एक कच्चा रस्ता उंच पठाराला वळसा घालतो. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीलाही साधारण दोन-तीन दिवस लागतात. वाटेत ना पिण्याचे पाणी, ना इंधन. लोक येथे निर्मनुष्य शांततेसाठी येतात. रस्ता मात्र अण्वस्त्रांच्या शर्यतीतून जन्मला.

२/ पठाराच्या माथ्यापासून सुमारे ३६५ मीटर खाली फिकट वालुकाश्माचा कठीण थर आहे. तोच व्हाइट रिम. या नैसर्गिक पायरीवरून रस्ता जातो.

३/ खाली उतरणारी शेफर वाट त्याहून जुनी. मूळ रहिवाशांची ही पायवाट पुढे पशुपालकांनी गुरांसाठी वापरली. १९५०च्या दशकात ती युरेनियमच्या ट्रकांसाठी रुंद करण्यात आली.

४/ शीतयुद्धाचा तो काळ. अणुऊर्जा आयोगाने युरेनियम शोधणाऱ्यांना आर्थिक प्रलोभने दिली आणि आग्नेय युटात सुमारे १६०० किलोमीटर रस्ते बांधले. १९५२ मध्ये भूवैज्ञानिक चार्ली स्टीन यांना मोआब गावाच्या दक्षिणेस समृद्ध साठा सापडला आणि नशीब अजमावणाऱ्यांची रीघ लागली.

५/ व्हाइट रिमच्या परिसरात मात्र फारसे युरेनियम मिळालेच नाही. खाणी ओस पडल्या, रस्ते उरले.

६/ या रस्त्यांमुळे दुर्गम प्रदेश प्रथमच सामान्य प्रवाशाच्या आवाक्यात आला. शेजारच्या आर्चेसचे अधीक्षक बेट्स विल्सन यांनी अधिकाऱ्यांना जीपमधून हा मुलूख दाखवला. अंतर्गत व्यवहार खात्याचे मंत्री स्ट्यूअर्ट उडाल यांनी उद्यानाचा प्रश्न उचलून धरला. १२ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी कायद्यावर स्वाक्षरी केली.

७/ या युरेनियमची किंमत इतरांनी मोजली. कोलोरॅडो पठारावरील खाणींत राबलेल्या अनेक नवाहो कामगारांना फुप्फुसांच्या कर्करोगाने गाठले. भरपाईचा कायदा झाला तो थेट १९९० मध्ये.

८/ आज व्हाइट रिमवर गाडी न्यायला परवाना लागतो आणि रस्ता सोडण्यास मनाई आहे. तेथील मातीवर सूक्ष्मजीवांनी विणलेली नाजूक साय असते. एकदा चाकाखाली तुटली, की भरून यायला कित्येक दशके जातात. ज्या यंत्रांनी हा प्रदेश खुला केला, त्यांनाच आता एका अरुंद पट्टीत बांधून ठेवावे लागते.