जुन्या सहा सिलिंडर मोटारीला दोन बॅरलचा कार्बोरेटर
मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून जुळणी केलेल्या डॉज व प्लिमथ मोटारींना सहा सिलिंडरचे इंजिन आणि एका बॅरलचा कार्बोरेटर असे. वेगात ओढ वाढविण्यासाठी दोन बॅरलचा कार्बोरेटर बसविता येतो. मात्र त्याची निवड इंजिनाला लागणाऱ्या हवेवरून करावी.

फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा घेते. ३.६ लिटरचे इंजिन मिनिटाला ३,६०० फेऱ्यांवर ६,४८० लिटर हवा घेईल. प्रत्यक्षात त्याच्या पाऊणपट धरावी. कार्बोरेटर फार मोठा असल्यास हवेचा वेग घटतो, पेट्रोलचे तुषार नीट होत नाहीत आणि गाडी अडखळते. म्हणून दुसरा बॅरल जोर दिल्यावरच उघडणारा प्रकार श्रेयस्कर. मूळ मॅनिफोल्डसाठी जोडप्लेट लागते.

नांदेड-लातूरच्या चाळीस अंशांपुढील उन्हाळ्यात पेट्रोलची नळीतच वाफ होऊ शकते. कार्बोरेटरखाली जाड उष्णतारोधक पॅकिंग घालावे. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने मिश्रण विरळ होते; जेट किंचित मोठे निवडावे, जुन्या रबरी नळ्या बदलाव्यात. शेवटी स्पार्क प्लग तपासावा. टोक फिकट तपकिरी असल्यास मिश्रण योग्य. पांढरे असताना गाडी दामटल्यास व्हॉल्व्ह जळण्याचा धोका असतो.