अल्पसाक्षर जोडप्यांमधील कुटुंबनियोजन

लिहिता-वाचता न येणाऱ्या किंवा जेमतेम सही करू शकणाऱ्या जोडप्यांना गर्भनिरोधनाची कितपत माहिती असते आणि त्यातले काय ते प्रत्यक्षात वापरतात, हा लोकसंख्याशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य या दोन्ही शाखांचा जुना अभ्यासविषय. भारतात याचे उत्तर वरवर पाहता दिलासा देणारे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) किमान एक आधुनिक साधन ठाऊक असलेल्या विवाहितांचे प्रमाण ९९ टक्क्यांच्या वर होते. मात्र साधनाचे नाव ऐकलेले असणे वेगळे आणि ते कधी सुरू करायचे, चुकल्यास काय करायचे, त्रास झाल्यास कोणाकडे जायचे हे कळणे वेगळे.

महाराष्ट्रात या विषयाची वाट छापील मजकुरातून सुरू झाली. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला गेला, त्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. तो फेटाळला गेला. शकुंतला परांजपे यांनीही या कामाला अनेक वर्षे दिली. केंद्र सरकारचा कार्यक्रम १९५२ चा. न वाचता येणाऱ्यांपर्यंत पोचला तो मुख्यतः कुटुंबनियोजनाचे चिन्ह असलेला लाल त्रिकोण, भिंतीवरची चित्रे आणि रेडिओ यांमधून. ‘लहान कुटुंब’ हा संदेश त्यातून घरोघर गेला. साधन कसे वापरायचे, हे मात्र भिंतीवरच्या चित्राने सांगता येत नाही.

आणीबाणीने या संवादाचे मोठे नुकसान केले. १९७६–७७ मध्ये देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. सक्तीची ती आठवण राहिली आणि पुरुष या कार्यक्रमातून जवळजवळ बाहेर पडला. सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत स्त्री नसबंदी ३७.९ टक्के, तर पुरुष नसबंदी ०.३ टक्के. गर्भनिरोधन हे बायकांचे काम, असे मानणारे पुरुष सुमारे ३५ टक्के निघाले. शिक्षणानुसारही फरक दिसला: कधीच शाळेत न गेलेल्या स्त्रियांमध्ये एकूण जननदर २.८ आणि बारावी किंवा पुढे शिकलेल्यांमध्ये १.८ होता. कमी शिकलेल्या स्त्रियांचा भर पाळणा लांबवण्याच्या साधनांपेक्षा ‘ऑपरेशन’वर अधिक. एकदा केले की पुन्हा काही लक्षात ठेवावे लागत नाही, ही त्यामागची एक समजण्याजोगी बाजू आहे.

प्रत्यक्षात अडते ते तपशिलांत. मूल अंगावर पीत असेल तोवर दिवस राहत नाहीत, हा समज सर्वत्र आहे आणि तो अर्धाच खरा आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, पाळी परत आलेली नसेल आणि बाळाला रात्रंदिवस फक्त अंगावरचेच दूध मिळत असेल, तरच त्यावर भिस्त ठेवता येते. वरचे दूध सुरू झाले की तो भरवसा संपतो. दिवस राहण्याचा धोका पाळीच्या आगेमागे सर्वांत जास्त, असेही अनेकांना वाटते. तो खरे तर दोन पाळ्यांच्या मधल्या काळात असतो. ‘माला-एन’ या गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटात २८ गोळ्या असतात, त्यांतल्या २१ संप्रेरकाच्या आणि शेवटच्या ७ लोहाच्या. पाकिटावरचा बाण कोणत्या दिशेने जातो आणि शेवटच्या गोळ्यांचा रंग वेगळा का, हे कोणी समोर बसून दाखवले नाही, तर पाकीट कुठूनही सुरू होते. ‘छाया’ गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदाच घ्यायची असते; हा बदल नुसत्या तोंडी सांगण्याने लक्षात राहणे कठीण. तांबी वर सरकून काळजाला लागते, गोळ्या उष्ण पडतात, नसबंदीने पुरुषाची ताकद जाते, या भीतींना हसून उडवून लावणे चुकीचे आहे. त्यांना शरीराचे साधे चित्र काढून उत्तर द्यावे लागते.

पुरुष नसबंदीतली एक गोष्ट न सांगितल्याने संसार उद्ध्वस्त होऊ शकतो. शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन महिने, वीर्यतपासणी होईपर्यंत, निरोध किंवा दुसरे साधन वापरावेच लागते. हे माहीत नसलेल्या घरात बायकोला दिवस राहिले, तर संशय तिच्यावरच येतो.

आशा कार्यकर्त्या निरोध आणि गोळ्या घरपोच देतात. या कामाचा खरा कणा त्याच आहेत. वाचनाची गरज कमी करणारी साधनेही आहेत. ३२ रंगीत मण्यांची माळ त्यांपैकी एक. लाल मण्यापासून रोज रबरी कडे एक मणी पुढे सरकवायचे; आठव्या ते एकोणिसाव्या दिवसाच्या पांढऱ्या मण्यांवर संबंध टाळायचे किंवा निरोध वापरायचा. पाळी २६ ते ३२ दिवसांनी येत असेल तरच ही पद्धत लागू पडते. नंदुरबार आणि मेळघाटात भिली, पावरी, कोरकू बोलणाऱ्या घरांत मराठी पत्रकही परकेच ठरते. ऊसतोडीला गेलेल्या बाईला तीन महिन्यांनी ‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनची पुढची सुई नव्या गावात कुठे मिळेल, हे निघण्यापूर्वीच कळायला हवे.

सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत साधन वापरणाऱ्यांपैकी सुमारे ६२ टक्के स्त्रियांनाच त्याच्या दुष्परिणामांची माहिती दिली गेली होती. बिलासपूर जिल्ह्यातील नसबंदी शिबिरात २०१४ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांचे बळी गेले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या देविका बिस्वास निकालात नसबंदी शिबिरे तीन वर्षांत थांबवण्यास सांगितले आणि स्थानिक भाषेतील माहिती समजावून, विचाराला पुरेसा वेळ देऊनच संमती घ्यावी असे बजावले. अंगठा उमटवल्यानंतरही, शस्त्रक्रियेच्या क्षणापर्यंत, स्त्री वा पुरुष आपला निर्णय बदलू शकतो आणि त्यामुळे इतर प्रजनन-आरोग्य सेवांवरचा त्यांचा हक्क जात नाही.