तात्पुरत्या फाइलींचा तळ

आषाढीच्या वारींत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यांत येते आणि लोणंद, तरडगांव, फलटण, बरड असे मुक्काम करीत पंढरपुराकडे जाते. या प्रत्येक गांवीं पालखीतळ ठरलेला असतो. दिंडी आली कीं तंबू पडतात. पहाटे तंबू उपटले कीं जागा पुन्हां मोकळी. संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रॅमलाहि असा एक तळ लागतो. मोठी यादी वर्णानुक्रमें लावावयाची असो किंवा हिशेबाचा तक्ता छापण्याजोगा करावयाचा असो, अर्धवट मजकूर घटकाभर कोठें तरी उतरवून ठेवावा लागतो आणि काम झालें कीं टाकून द्यावा लागतो. मात्र हा तळ प्रत्येक यंत्रावर निराळ्या जागीं व निराळ्या नांवानें असतो. तो बिनचूक कसा शोधावा, हा प्रश्न प्रोग्रॅम लिहिणारांस पन्नास वर्षें पुरला आहे.

युनिक्स ही कार्यप्रणाली १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं सुरू केली. तिचें पहिलें माहितीपुस्तक नोव्हेंबर १९७१ मधील. त्यांतच 'टीएमपी' या डिरेक्टरीचा उल्लेख सांपडतो. 'टेंपररी' या शब्दाचीं हीं तीन अक्षरें. 'एड' नांवाचा मजकूर-संपादक आपला खर्डा तेथें ठेवीत असे. जागा सर्वांची, म्हणून लिहिण्याची मुभाहि सर्वांना. परंतु ज्याला एकाद्या डिरेक्टरींत लिहितां येतें त्याला तेथील दुसऱ्याची फाईलहि पुसतां येते, असा युनिक्सचा नियम आहे. म्हणजे तळावर कोणींहि यावें आणि शेजारच्या दिंडीचा तंबू उपटावा! यावर १९८६ सालीं बर्कले विद्यापीठाच्या ४.३ आवृत्तींत उपाय निघाला. डिरेक्टरीवर 'स्टिकी बिट' ही खूण केली कीं जो तो फक्त आपलीच फाईल काढूं शकतो. अपवाद डिरेक्टरीच्या मालकाचा व यंत्राच्या मुख्य अधिकाऱ्याचा.

मायक्रोसॉफ्टच्या घराण्याची कथा वेगळी. १९८१ सालच्या पहिल्या डॉसमध्यें डिरेक्टऱ्याच नव्हत्या. त्या १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तींत आल्या. तळ कोणता, हें कोणीं ठरवून दिलें नाहीं. मग प्रोग्रॅम लिहिणारांनीं एक तोड काढली. यंत्र वापरणारानें आपल्या पसंतीची जागा एका नांवाखालीं नोंदवून ठेवावी आणि प्रोग्रॅमनें ती नोंद वाचावी. तोड चांगली होती. पण कांहींनीं त्या नोंदीस 'टेम्प' म्हटलें, कांहींनीं 'टीएमपी'. दोन्ही नांवें आजतागायत विंडोजमध्यें नांदत आहेत. युनिक्सच्या बाजूनें पॉझिक्स मानकानें तिसरेंच नांव मान्य केलें, 'टीएमपीडीआयआर'.

खरी अडचण आली ती पर्ल, पायथन, रूबी यांसारख्या स्क्रिप्टिंग भाषांच्या काळांत. पर्ल १९८७ चें, पायथन १९९१ चें. या भाषांचें ब्रीदच असें कीं एकदां लिहिलेलें कोणत्याहि यंत्रावर चालावें. समजा, साताऱ्यांत लिनक्सवर जमाखर्चाची स्क्रिप्ट लिहिली आणि लिहिणारानें 'टीएमपी' हा पत्ता तींत थेट घालून ठेवला. ती सांगलीला हळदीच्या पेढीवरील विंडोजवर नेली कीं पहिल्याच पावलाला अडते, कारण तेथें त्या पत्त्यावर बहुधा कांहींच नसतें. म्हणून पत्ता शोधण्याचें काम भाषेनेंच आपल्याकडे घेतलें. पायथनची रीत यांत सर्वांत शहाणपणाची म्हणावी लागेल. ती प्रथम तिन्ही नोंदी क्रमानें वाचते. त्या नसल्यास त्या त्या प्रणालींतील रूढ जागा पाहते. तेंहि न साधल्यास चालू डिरेक्टरीवर भागवते. एवढ्यावर तिचा विश्वास बसत नाहीं. प्रत्येक ठिकाणीं ती एक लहानशी फाईल खरोखर लिहून पाहते, पुसते, आणि मगच ती जागा पत्करते. नोंद असली तरी डिरेक्टरी नाहींशी झालेली असूं शकते, किंवा तेथें लिहिण्याची परवानगी नसते, हें जाणूनच ही परीक्षा ठेविली आहे. पीएचपीसारख्या लोकप्रिय भाषेला मात्र असें साधन मिळण्यास २००७ सालच्या ५.२.१ या आवृत्तीपर्यंत थांबावें लागलें, याचें नवल वाटतें.

जागा सांपडली म्हणून भय संपत नाहीं. पूर्वी पुष्कळ प्रोग्रॅम फाइलीचें नांव सहज तर्क करतां येईल असें ठेवीत. कोणी लबाड त्याच नांवाचा दुवा तेथें आधींच ठेवून देई आणि तो एकाद्या महत्त्वाच्या फाइलीकडे वळवी. मुख्य अधिकाऱ्याच्या हक्कानें चालणारा प्रोग्रॅम आला कीं नकळत तीच फाईल लिहून बिघडवी. नुसतें नांव सुचविणारें 'एमकेटेम्प' हें साधन पायथननें २००३ सालीं २.३ या आवृत्तींत त्याज्य ठरविलें तें यामुळेंच. त्याच्या जागीं आलेलें साधन तर्क न करतां येणारें नांव निवडतें आणि त्याच क्षणीं फाईल उघडून ताब्यांत घेतें.

मराठी माणसाला या इतिहासांतील आणखी एक प्रकरण जवळचें आहे. विंडोज २००० पासून तात्पुरती जागा प्रत्येकाच्या स्वतंत्र फोल्डरांत असते आणि त्या पत्त्यांत वापरणाराचें नांव येतें. एकाद्यानें आपलें नांव देवनागरींत लिहिलें तर पत्ताहि देवनागरी होतो. जुन्या प्रोग्रॅमांची अक्षरव्यवस्था विंडोजमधील ठराविक अक्षर-तक्त्यांवर अवलंबून असे, आणि देवनागरीसाठीं असा तक्ता कधींच नव्हता. तेव्हां नांवाच्या जागीं नुसतीं प्रश्नचिन्हें उमटत. विंडोजच्या फाइलीच्या नांवांत प्रश्नचिन्ह तर वर्ज्य. साहजिकच जागा असूनहि सांपडत नसे, आणि स्वतःचें नांव स्वतःच्या लिपींत लिहिणारालाच चूक केल्यासारखें होई. युनिकोडच्या अंगीकारानें हा दोष हटत गेला. पायथननें डिसेंबर २०१६ च्या ३.६ आवृत्तींत विंडोजवरील पत्त्यांची अक्षरव्यवस्था सर्व लिपींना सामावून घेणारी केली. पण पेढ्यांत व कचेऱ्यांत जुने प्रोग्रॅम सहसा कोणी टाकीत नाहीं. तेथें साध्या रोमन नांवाचें एक फोल्डर करून त्याचा पत्ता नोंदवून ठेवणें हाच सोपा उपाय आहे. मात्र तो 'टेम्प' आणि 'टीएमपी' या दोन्ही नांवांखालीं नोंदवावा लागतो, कारण कोणता प्रोग्रॅम कोणती नोंद वाचील याचा नेम नाहीं.