रमाबाई, पंडिता : धर्मविषयक पत्रव्यवहार

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८–५ एप्रिल १९२२) यांनी इंग्लंडमधील ख्रिस्ती स्नेह्यांशी श्रद्धा, स्त्रीचा अधिकार आणि स्वत्व यांविषयी केलेला पत्रव्यवहार. तो इंग्रजीत असून अ. भि. शहा यांनी संपादित केलेला संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला.

अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येला कलकत्त्यात १८७८ मध्ये ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. वैधव्यानंतर त्या १८८२ मध्ये पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला व स्त्रीधर्मनीति हा ग्रंथ लिहिला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मुलगी मनोरमा हिच्यासह त्यांचा बाप्तिस्मा झाला.

वाँटेजच्या मठवासिनींना नवदीक्षितेकडून आज्ञाधारकपणाची अपेक्षा होती. ती फोल ठरली. त्रैक्याचा सिद्धान्त रमाबाईंना पटेना. धर्मगुरूंनी सांगितले एवढ्यावरून एखादे तत्त्व मान्य करणे त्यांना अशक्य होते. मठवासिनींपैकी सिस्टर जेराल्डीन यांना त्यांनी मे १८८५ मध्ये कळविले, की आपल्याला स्वतःची सदसद्‌विवेकबुद्धी आहे. भारतातील पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारले ते दुसरे तसलेच जोखड मानेवर घेण्यासाठी नव्हे. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे की नाही, हा वाद तर थेट बिशपांपर्यंत गेला. आपल्याविषयीचा निर्णय इतरांनी परस्पर घ्यावा, हे रमाबाईंना मुळीच रुचले नाही. या महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांची चर्चा त्यामानाने मोकळी होती. क्रूसावरील लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत हवे, हा रमाबाईंचा आग्रह. शाकाहारही त्यांनी सोडला नाही. जेराल्डीन यांना यात जुना अहंकार दिसे. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने ही पत्रे रमाबाईंच्या संस्थाकार्याइतकीच मोलाची आहेत : धर्म स्वीकारणारी स्त्री त्या धर्माचा अर्थ लावण्याचा अधिकारही येथे मागते आहे. मात्र पत्रे जपून संकलित केली ती जेराल्डीन यांनी, हे वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

रमाबाईंच्या अमेरिकेतील मुक्कामात (१८८६–८८) त्यांचा हाय-कास्ट हिंदू वुमन हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

रमाबाईंची शारदा सदन ही संस्था ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झाली. पुढील वर्षी ती पुण्यास हलविली. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो, या आरोपावरून १८९३ मध्ये न्या. रानडे व डॉ. भांडारकर सल्लागारपदावरून दूर झाले. या प्रकरणाविषयी मतभेद आहेत.

१८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली व स्त्रियांना केडगाव (आता ता. दौंड) येथे आसरा मिळाला. हेच मुक्तिसदन. १९०५ मध्ये तेथे धार्मिक पुनरुज्जीवन झाले. मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर रमाबाईंनी येथेच केले. आश्रमातील सामान्य स्त्रियांच्या श्रद्धेविषयी या संग्रहातून फारसे कळत नाही.

मनोरमेचे निधन १९२१ मध्ये, आईच्या आधी झाले.

तुलनेसाठी लक्ष्मीबाई टिळकांचे स्मृतिचित्रे पाहावे. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी मात्र स्वतःचा निर्णय काही वर्षांनी, स्वतःची खात्री पटल्यावर घेतला.